डोकी मोजणारा मेस्त्री

गणपत मेस्त्री कुठंही गेला की आधी डोकी मोजायचा. लग्नात अक्षता मुठीत धरून मांडवाच्या दारातच उभा. "मुकादम, दीडशे डोकी. टाक अक्षता आणि सुट." माझं जेवण राहायचं. बारशाला पाळण्यातलं पोरसुद्धा मोजायचा. मयताला मात्र अडायचा. "हा धरायचा की नाही रे?" असं हळूच मला विचारायचा.

मेस्त्री मालवणकडचा, हाडाचा सुतार. आमची चाळ बोरिवलीत, मंडपेश्वरच्या लेण्यांपासून हाकेच्या अंतरावर. मी तिसरीपर्यंत शाळेत गेलो, पुढचं शिक्षण दहिसरच्या खाणीत. दगडातलं मला कोणी शिकवू नये. म्हणून मेस्त्रीला लेण्यांचं वेड लागलं तेव्हा मला रागच आला. लाकडाच्या माणसानं दगडात कशाला नाक खुपसावं?

आणि वेड तरी कसलं! देऊळ बघायचं, पण तिथं माणूस दिसता कामा नये. शाळांच्या सहली कधी येतात, पिकनिकवाले पुरीभाजीचे डबे घेऊन कुठल्या खांबाला टेकतात, सगळं तोंडपाठ. कानावरची पेन्सिल काढून सिगारेटच्या पाकिटावर लिहायचा. मंगळवार दुपार, अकरा डोकी. गुरुवार सकाळ, सहा.

"त्यातली चार जोडप्यांची असतील. ती कुणाकडे बघत नाहीत," मी म्हणालो.

"डोळे असतात ना त्यांना? मग धरायची."

"मॅच असेल तेव्हा जा."

"गेलो होतो. मेले रेडिओ घेऊन येतात."

मग एका रविवारी मेस्त्री धावतच माझ्या खोलीत आला. "मुकादम, वेळ सापडली! टीव्हीवर सकाळी देव येतात ना, तेव्हा देवळात कुत्रं नसतं."

मी म्हटलं, दाखव. पुढच्या रविवारी गेलो. काय सांगू, जागेपणी स्वप्नात चालावं तसं वाटलं. रस्ता मोकळा. दुकानांच्या फळ्या अर्ध्या लावलेल्या. प्रत्येक खिडकीतून तोच शंख, तेच गाणं, आपण एका घराचं ऐकत निघावं आणि पुढच्या घरानं ते उचलून धरावं. लेण्यापाशी आलो तसा तो आवाजही मागे विरला. आत गार काळोख. खांबांच्या मधून ऊन आत येऊन जमिनीवर लोळत पडलेलं. वर एक पारवा घुमत होता, तेवढाच काय तो संसार.

मेस्त्री नाचणाऱ्या शंकरापुढं उभा राहिला. हात तुटलेले, पाय गेलेले, चेहरा झिजलेला.

"फोडलाय," मी म्हणालो. "घणाचे घाव आहेत. असल्या मूर्तीला पूजा चालत नाही."

"पूजेला कोण आलंय? बघायला आलोय," मेस्त्री म्हणाला. "कंबर बघ त्याची. अजून नाचतोय."

मेस्त्रीच्या घरचं तुम्हाला सांगायला हवं. वहिनीला दोन वर्षांपूर्वी लकवा झाला होता. डावी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. एके काळी सगळ्या चाळीच्या बायकांना घेऊन शिवरात्रीला मंडपेश्वरला जाणारी बाई, ती आता दारावर पडदा ओढून बसायची. कोणी भेटायला गेलं तर आतून आवाज यायचा, "निजलंय मी." मग लोकांनी जाणं सोडलं. मीही सोडलं.

पुढं मेस्त्री चाळीमागं एक खुर्ची करायला बसला. सागवानी, हातवाली, खाली सायकलची दोन चाकं.

"ही कुणाची रे?"

"गिऱ्हाईकाची."

खुर्ची झाली, आणि मेस्त्री मला म्हणाला, "या रविवारी लेण्यात येऊ नको."

मला येऊ नको म्हणणारा हा कोण? दगड माझा, गाव माझं. मी मुद्दाम त्याच्या आधी जाऊन बसलो.

थोड्या वेळानं बाहेर चाकं कुरकुरली. बघतो तर मेस्त्री खुर्ची ढकलत येतोय आणि खुर्चीत वहिनी. पदर कपाळावरून पार हनुवटीपर्यंत ओढलेला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. वर्षभर हा डोकी कुणासाठी मोजत होता! आणि आज एक डोकं मी स्वतः आणून बसवलं होतं. तिनं मला बघितलं असतं तर ती तिथूनच मागं फिरली असती, आणि पुन्हा कधी बाहेर पडली नसती.

आयुष्यात मी कुणासाठी बाजूला सरकलो नाही. त्या दिवशी सरकलो. खांबामागं पोट आत ओढून उभा राहिलो.

मेस्त्रीनं खुर्ची आत घेतली, चारी बाजूंना नजर फिरवली. "कोण नाय गो. बघ."

वहिनीनं पदर जरा वर केला. शंकराकडं खूप वेळ बघत राहिली. मग तोंडाच्या एका कोपऱ्यातून अडखळत म्हणाली, "हेका कोण बघूक येतत?"

"येतत तर! सुट्टीच्या दिवशी शंभर शंभर."

"आनि हेका लाज वाटणा नाय?"

पारवा घुमत राहिला. माझा एक पाय बधिर झाला होता, पण मी श्वाससुद्धा बेतानं घेत होतो.

"भावजी," वहिनीचा आवाज आला, "खांबामागे कित्याक उभे? येवा, बसा."

मी बाहेर आलो. मेस्त्रीनं माझ्याकडं असं पाहिलं की जागच्या जागी रंधा मारील. वहिनीचा चांगला हात पदराकडं गेला. तिथं थोडा थांबला. मग तो खाली आला आणि मांडीवर पडून राहिला.