माघारीची मुदत

सर्जेराव कोकरेला चहाचं पहिल्यांदा विचारलं की तो नको म्हणायचा. दुसऱ्यांदा विचारलं की घड्याळ बघायचा. तिसऱ्यांदा विचारलं की, "आता तुमी एवढं म्हनताय तर," असं म्हणून घ्यायचा. अडचण एवढीच, की एमबीएच्या वर्गात तिसऱ्यांदा कुणी कुणाला विचारत नाही. पहिले पंधरा दिवस हा गडी कँटीनमध्ये आमच्या शेजारी बसून नुसता आमच्या कपांकडं बघत होता.

वय चोवीस, गाव डाळज, आणि वागणं साठीचं. म्हणून सगळे त्याला तात्या म्हणायचे. प्रोजेक्टसाठी चौघाचौघांचे गट करायचे होते तेव्हा दोन गटांनी त्याला बोलावलं. "इचार करून सांगतो," म्हणाला आणि कुणीतरी मनधरणी करायला येईल म्हणून थांबला. गट भरून गेले. शेवटी चौघांचं काम त्यानं एकट्यानं केलं, आणि सादर करताना उरलेल्या तिघांच्या वतीनं स्वतःचे आभार मानले.

अशा माणसानं वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीत माझ्याविरुद्ध अर्ज भरला.

मी मुलाणी, इंदापूरचा. घरचं कापडाचं दुकान. तोवर उमेदवार मी एकटाच होतो, त्यामुळं घाईघाईनं घरी सांगून टाकलं होतं की मी बिनविरोध आलो. अब्बांनी दुकानातल्या गिऱ्हाइकांना पेढेही वाटले होते. आणि आता हे. डोकंच सणकलं माझं. तात्याला गाठलं, तर तो उलट माझ्यावरच चिडला. म्हणाला, अर्ज मागं घ्या म्हणून असं जिन्यात उभं राहून सांगतात का कुठं? घरी यायचं असतं. चार माणसं घेऊन.

मग हळूहळू कळलं. त्याच्या वडिलांनी गावच्या सोसायटीच्या प्रत्येक निवडणुकीत अर्ज भरला होता आणि प्रत्येक वेळी मागं घेतला होता. मुदतीच्या दिवशी निम्मं गाव ओसरीवर येऊन बसायचं, आई पातेलंभर चहा ठेवायची, कुणी हात जोडायचं, कुणी जुनी नाती काढायचं, आणि वडील शेवटच्या घटकेला डोळे पुसत सही करायचे. "आमच्या घरात कुणी निवडून आलं न्हाय," तात्या अभिमानानं म्हणाला, "पर कुणी पडलं बी न्हाय."

बारामतीत तो जळोचीला एका खोलीत एकटाच राहायचा. माघारीची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचची. त्यानं वर्गाच्या ग्रुपवर खोलीचा पत्ता टाकला आणि खाली लिहिलं, येताना कळवण्याची गरज नाही. पोरांना वाटलं प्रचार चाललाय. त्यांनी अंगठे पाठवले. दोघीतिघींनी तर आमचं मत तुलाच म्हणून सांगितलं, तेव्हा तात्याचा चेहराच उतरला. मग तो स्वतःच्या विरोधात प्रचार करायला लागला. मी आळशी हाय, मला इंग्रजी झेपत न्हाय, मी आलो तर वर्गाचं वाटोळं हाय, तवा घरी येऊन मला समजवा, असं बाकाबाकाला जाऊन सांगायचा. इतकं खरं बोलणारा उमेदवार पोरांनी कधी बघितला नव्हता. त्याची मतं वाढतच चालली.

शुक्रवारी साडेतीनला नाक मुठीत धरून मी जळोचीला गेलो. दार उघडून त्यानं आधी माझ्या पाठीमागं बघितलं.

"बाकीचे?"

येतायत मागनं, मी ठोकून दिलं.

आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सतरंजी. कडेनं घरमालकिणीकडून मागून आणलेले अठरा कप मांडलेले. मला त्यानं मधोमध बसवलं. मी विनंती केली. तो म्हणाला, कार्यकर्त्यांना विचारावं लागेल. मी हात जोडले. तो म्हणाला, बाकीचे येऊ देत. मग आम्ही चहा घेतला, आणखी एकदा घेतला, सगळ्या सरांची टर उडवली, त्याच्या बहिणीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी काय काय खाल्लं ते ऐकून मी पोट धरून हसलो. हा माणूस एवढा बोलतो हे मला माहीतच नव्हतं. खरं सांगायचं तर मला मजा यायला लागली होती.

पावणेपाचला त्यानं रिकाम्या कपांवरून नजर फिरवली.

"मुलाणी, कुणी येनार न्हाय ना?"

मी नाही म्हणालो. आणखी किती खोटं बोलणार?

तो उठला आणि गादीखालनं एक कागद काढला. माघारीचं पत्र. सही झालेली, आणि तारीख ज्या दिवशी अर्ज भरला त्याच दिवशीची.

"घे, सरांना दे नेऊन. चार म्हैनं झालं, ह्या खोलीत वर्गातलं कुणी आलं न्हाय. म्हनलं, अर्ज भरल्यावर तरी येतील. तू आलास. आता उद्यापासनं तू तरी कशाला येशील?"

कॉलेज दहा मिनिटांवर, गाडी दारात, कागद हातात, आणि घरी मी काय सांगून बसलोय ते डोक्यात. पण उठवेना. मी कागदाची घडी करून ती एका कपाखाली सरकवली आणि त्या पाहुण्यांचं पुढं काय झालं ते विचारलं. तो रंगात येऊन सांगत राहिला आणि मधेच दचकला. पाच वाजून गेले होते.

"आरं, आता मी निवडून आलो तर?"

मी म्हणालो, "तर काय, रोज अख्खा वर्ग तक्रारी घेऊन तुझ्या दारात."

तात्यानं सतरंजीचा दुमडलेला कोपरा सरळ केला. मग हळूच म्हणाला, "खरंच येतील?"