पंधरा मिनिटं काठावर

"तुम्ही इथं बोडीच्या पाळीवर, या बांधावरच बसायचं," घनश्याम सरांनी फुलवंताबाईंना फर्मावलं. "पिशव्यांचा धडा दुसऱ्या दिवशी झाला. तुम्ही गैरहजर. तीन दिवसांच्या तीन सह्या नाहीत, तर सर्टिफिकेट नाही. सीधी बात."

"धानाची रोवणी होती जी, सर."

"तो माझा प्रॉब्लेम नाही."

ऐन रोवणीत शेतकरी बायांसाठी मत्स्यपालनाचं प्रशिक्षण ठेवणारा माणूस हे बोलत होता! अध्यक्षाकडे प्रमाणपत्र असल्याशिवाय गावची बोडी, म्हणजे गावचं छोटं तळं, मासे पाळायला बचत गटाला मिळणार नव्हतं. आणि अध्यक्ष फुलवंताबाईच.

सरांनी गोंदियाहून आणलेल्या दोन फुगीर पिशव्या बोडीच्या पाण्यावर सोडल्या. आत माशांची बोटाएवढी पिल्लं. अकरा वाजता मत्स्य खात्याचे साहेब फोटोला येणार होते.

"सर, पिशव्या खुटीले बांधल्या नाही जी," फुलवंताबाई पाळीवरून ओरडल्या.

"जे तासाला नव्हते, त्यांनी बोलू नये."

तेवढ्यात वारा सुटला आणि पिशव्या डुलत डुलत मधोमध निघाल्या. सरांनी पॅन्ट दुमडली.

"सर, तिकडं गाळ हाय!"

"मी डिप्लोमावाला आहे!"

तिसऱ्या पावलाला डिप्लोमा कमरेपर्यंत रुतला. सर जितके धडपडले, तितक्या लाटा उठल्या, आणि पिशव्या तितक्या लांब गेल्या. पाचव्या पावलाला पाणी छातीला लागलं. मग सर हलेचनात.

"आवो, कोणी तरी या ना!" सर ओरडले.

"कायले गेले जी मंग?" प्रिया म्हणाली. ती फुलवंताबाईंची शेजारीण, गटात सगळ्यांत तिखट तोंडाची.

फुलवंताबाईंनी पदर खोचला. "प्रिया, ओढजाळं काढ. तीन जणी त्या पाळीवर, तीन जणी या. खालचा दोर वर उचलू नोका."

जाळं दोन्ही पाळींवरून सरकत आलं. पिशव्या अडकल्या, मग सर अडकले. "हळू वढा बाप्पा, पिल्लांले धक्का नोको!" फुलवंताबाई ओरडल्या. सरांच्या धक्क्याचं कोणी काही बोललं नाही. एकाच ओढीत सगळा माल काठाला.

नेमकी तेव्हाच गाडी थांबली. साहेब उतरले. जाळ्यात दोन पिशव्या, मध्ये कुडकुडणारे सर.

"हे काय चालू आहे?"

"प्रॅक्टिकल होऊन राहिलं जी," प्रिया म्हणाली.

"अरे, यांना गाडीत घ्या, एसी लावा, दवाखान्यात—"

"थांबा साहेब!" फुलवंताबाई आडव्या आल्या. "पाण्यातून काढून एकदम थंड्या गाडीत नोका टाकू. पंधरा मिनिटं काठावर राहू द्या. आतली-बाहेरची गरमी सारखी झाली का मंग सोडा. एकदम सोडलं तर पिल्लू मरते."

साहेब हसले. "कुठं शिकलात?"

"दुसऱ्या दिवसाचा पिशव्यांचा धडा हाय. दिवसभर धानाच्या बांधीत होती मी, सांजेला प्रियानं घरी येऊन सारा सांगतला. इचारा सरांले, चुकला का?"

साहेबांनी हजेरीच्या कागदावरची दुसऱ्या दिवसाची रिकामी चौकट पाहिली आणि कागद सरांसमोर धरला. जाळ्यातून हात बाहेर काढून सरांनी राहिलेली सही केली. पूर्ण नावानिशी. शेजारी पाण्यावर, आता खुटीला बांधलेल्या पिशव्या शांत तरंगत होत्या.

"बाई," सर दबल्या आवाजात म्हणाले, "आता उठू का?"

फुलवंताबाईंनी साहेबांच्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"बसा जी. अजून सात मिनिटं हायेत."