अण्णांचा उभा प्रवास

आमचे शेजारी व्यंकटअण्णा पाहुण्याला पाणी विचारत नाहीत, विजेचा लोड विचारतात. त्यांच्या त्या चाकांवरच्या घरात तुम्ही पाऊल टाकलंत की पहिला प्रश्न, "फोन चार्जिंगला लावणार? लोड सांग आधी." हो म्हणालात तर ते उठून पंखा बंद करतात. नाही म्हणालात तर खूश होऊन कॉफीच्या तयारीला लागतात. मी शाळेत गणित शिकवते, आकड्यांना भिणारी नाही. पण या माणसानं मला एकदा चटणीचा मिक्सर हातात धरून, रेडिओवरचं अख्खं भाषण संपेपर्यंत ताटकळत ठेवलं होतं. "दोन्ही एकदम नको अम्मा, बॅटरीला धाप लागते."

चाकांवरचं घर म्हणजे म्हैसूरच्या सरस्वतीपुरममध्ये, आमच्या गल्लीत करंजाच्या झाडाखाली उभी असलेली एक पत्र्याची खोली. खाली दोन चाकं, पुढं मोटारीला जोडायचा आकडा. हुणसूर रोडवरच्या एका वेल्डरकडून अण्णांनी ती हवी तशी करून घेतली. सगळे तिला गाडा म्हणतात. आत दोन लांब बाकं, त्यांच्याखाली दोन जाडजूड बॅटऱ्या, कोपऱ्यात इन्व्हर्टर. रानात जावं, तळ्याकाठी मुक्काम करावा, आणि तिथंही दिवा, पंखा, रेडिओ सगळं झकास चालावं, असा बेत. बेत उत्तमच होता. फक्त गाडा कुठं जात नव्हता.

बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालताना अण्णा श्वास रोखून धरतात, तान्ह्या बाळाला औषध पाजावं तसं. इन्व्हर्टरनं 'कुंई' केलं की जेवण सोडून पळतात. माणसंसुद्धा ते वॅटमध्येच मोजतात. आमचे हे मुळात कमी बोलणारे, म्हणून ते 'झिरोचा बल्ब'. मला काय म्हणतात ते सांगणार नव्हते, पण सांगते. मिक्सर.

मी मिरजेची. लग्न होऊन इथं आले तेव्हा अण्णांचं मराठी ऐकून हसू आवरत नसे. त्यांची माणसं कैक पिढ्यांपूर्वी इकडं आलेली. "सुम्ने बस गं, स्वल्प वेळानं जा, एवढं काय अवसर आहे?" म्हणजे नुसती बस, घाई कसली, एवढं सांगायला त्यांचं वाक्य मराठीत निघायचं आणि कन्नडच्या गल्ल्या हिंडून परत यायचं. आता मीही तसंच बोलते आणि मिरजेला गेले की माझी बहीण हसते. फिट्टंफाट झाली.

पण हे गाड्याचं खूळ आलं कुठून? सीताकाकूंपासून. अण्णांची बायको. गल्लीतली सगळ्यात देखणी आणि सगळ्यात बोलकी बाई. त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, काठी घेऊन हिंडण्याइतके पाय सुधारले. पण उजवा हात लुळा राहिला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. तेव्हापासून काकूंनी फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाही. कुणी भेटायला आलं की त्या आतल्या खोलीत. मला तेवढं येऊ देत, कारण मी एकटीच बोलते, समोरच्यानं उत्तर द्यावं लागत नाही. त्यांचं स्वतःचं बोलणं जवळजवळ एका कन्नड शब्दावर येऊन थांबलं होतं. "साकु." पुरे. औषध साकु, भात साकु, माणसं तर साकुच साकु.

अण्णांनी यावर काय तोड काढावी? "हिला लोकांनी बघायला नको आहे, अल्ला, नाही का? आयतु, झालं तर. मग अशी खोली करतो की ही जग बघेल आणि जगाला ही दिसायची नाही." म्हणून गाडा, म्हणून खिडक्यांना जाड पडदे. एवढंच पाहिजे होतं त्यांना, सीतूनं एकदा गाड्यात येऊन बसावं. वीज, बॅटऱ्या, वायरी, सगळी धडपड त्यासाठी. काकूंना उकडतं म्हणून पंखा लावला. "घरी आहे," काकू म्हणाल्या. भजनं ऐकायला रेडिओ आणला. "घरी आहे." वाटणाघाटणाला मिक्सर बसवला तेव्हा तर काकूंनी नुसतंच त्यांच्याकडं बघितलं. लुळ्या हातानं वाटायचं काय, असं ते बघणं. मला कळलं, अण्णांना नाही कळलं.

संध्याकाळी मात्र त्या गाड्यात बसावंसं वाटे. अण्णा मोठा दिवा बंद करून एक निळा बल्ब लावत, रेडिओ अगदी बारीक करत, आणि घराच्या खिडकीकडं तोंड करून हाक मारत, "सीतू, आज कावेरीकाठी थांबलोय बघ. वारा काय आहे!" करंजाची फुलं टपाटप पत्र्यावर पडत, आणि खरं सांगते, मला पाण्याचा आवाज ऐकू येई. कधी अण्णा कॉफीच्या मळ्यात असत, कधी धुक्यात. "हळू बोल, हत्ती पाणी प्यायला आलेत," असं ते मला दटावत, आणि मी, चांगली शिकलेली बाई, आवाज खाली आणत असे. गाडा तसूभर हलत नव्हता आणि आम्ही कुठल्या कुठं गेलेलो असायचो. खिडकीतून उत्तर येई, "साकु." की अण्णा मुकाट्यानं निळा बल्ब बंद करत. मला त्या बल्बचाच राग येई. रोज काय मेलं तेच तेच!

एकदा ते एकटेच गाडा घेऊन निघाले. गावाबाहेर येलवालपर्यंत गेले आणि तासाभरात परत. "काय बिघडलं?" मी विचारलं.

"काही नाही. चिंचेखाली लावला, पंखा चालला, कॉफी झाली. फर्स्टक्लास." मग मोटारीचा आकडा सोडवत म्हणाले, "बोलायला कुणी नव्हतं गं."

दसरा आला. म्हैसूरचा दसरा म्हणजे घरोघरी बाहुल्या. पायऱ्या करायच्या, त्यांवर बाहुल्या मांडायच्या आणि संध्याकाळी बायकामुलांनी घरोघर बघत फिरायचं. प्रत्येक घरी हातावर काहीतरी खाऊ. काकूंच्या बाहुल्या बघायला दोन गल्ल्या सोडून माणसं यायची. चंदनाच्या राजाराणीची जोडी तर त्यांनी माहेराहून लग्नात आणलेली. यंदा काकूंनी एका वाक्यात निकाल लावला. "घरात मांडायच्या नाहीत." इतक्या दिवसांत काकू एवढं लांब वाक्य बोलल्या, आणि तेही असलं.

अण्णांनी काय करावं? "घरात नको म्हणाली, अल्ला? गाडा घर नव्हे." ट्रंक उघडली, गाड्याच्या मागच्या दारात फळ्यांच्या पायऱ्या केल्या आणि सगळ्या बाहुल्या मांडून टाकल्या. बाई बाई, काय ते मांडणं! सगळ्यात वर किराणा विकणारा ढेरपोट्या शेट्टी. राजाराणी तळाशी, तीसुद्धा एकमेकांकडं पाठ करून. देवाच्या शेजारी पोलीस उभा, जणू पकडून न्यायलाच आलाय. येणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि अण्णा त्यांना, बल्बच्या माळेला किती लोड लागतो ते समजावत होते.

काकू खिडकीतून बघत होत्या. पहिले दोन दिवस पडद्याआडून, नंतर पडदा सारून. त्यांची चुळबूळ मी रोज बघत होते. काठी आपटायच्या, उठायच्या, परत बसायच्या. "शेट्टी," एवढंच पुटपुटायच्या आणि कपाळाला हात लावायच्या.

नवमीला आयुधपूजा. या दिवशी इथं हत्यारं, यंत्रं, गाड्या पूजेला लावतात, आणि पूजेला लावलेली वस्तू दुसऱ्या दिवसापर्यंत वापरायची नाही. काकू या बाबतीत कडक. त्यांच्या घरी त्या दिवशी सुईसुद्धा कुणी उचलायची नाही, भाजी आदल्या दिवशी चिरलेली. अण्णांनी इन्व्हर्टरला शेवंतीचा हार घातला, बॅटऱ्यांना कुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि इन्व्हर्टर बंद करून त्याला नमस्कार केला. दिव्यांसाठी घरातून एक लांब वायर ओढली.

दिवेलागणीला मी हरभऱ्याची उसळ घेऊन गेले, तर फाटक उघडं. आणि काकू गाड्यात! काठी दाराशी टेकवलेली, पदर खोचलेला, डाव्या हातानं शेट्टीची मानगूट धरलेली. अण्णा दूर उभे, हलायची छाती नाही. मीही तोंड मिटून घेतलं. मला ते किती जड जातं हे ओळखीची माणसं जाणतात. काकूंनी शेट्टीला खाली आणलं, पोलिसाला कोपऱ्यात घातलं, राजाराणीला वरच्या पायरीवर नेऊन एकमेकांच्या शेजारी बसवलं. डाव्या हाताला सवय नव्हती, एकेक बाहुली थरथरत जागेवर जात होती.

एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बायकांचा घोळका दिसला. काकूंनी झटकन तोंड फिरवलं. आणि त्याच क्षणी वीज गेली. सगळ्या भागाची. इकडून तिकडं मिट्ट काळोख.

देवच पावला म्हणायचं. या अंधारात त्या हळूच घरात गेल्या असत्या तर कुणालाही कळलं नसतं. मी हात द्यायला पुढं झाले, "चला काकू, धरा मला." त्यांनी माझा हात बाजूला केला.

"लावा," त्या म्हणाल्या.

"काय लावू?" अण्णा.

"दिवे."

"सीतू, इन्व्हर्टर पूजेला आहे. आज कसा लावू? तूच तर..."

"लावा म्हणते ना!"

अण्णा धडपडत गेले, हार बाजूला करून माळेची वायर इन्व्हर्टरला जोडली, बटण दाबलं. कुंई झालं आणि सगळ्या काळ्या गल्लीत तो एवढासा गाडा उजळून निघाला. राजाराणी, नर्तकी, बैलगाड्या, सगळं अधांतरी तरंगत असल्यासारखं, आणि मधोमध काकू, आपलं वाकडं तोंड तसंच उघडं ठेवून. बायका जवळ आल्या आणि थबकल्या. काकूंनी एकेकीकडं बघितलं. मग शब्द फरफटत, पण स्पष्ट म्हणाल्या, "या. यंदा उशीर झाला मांडायला."

मग काय, एकच कलकलाट. कुणी पाया पडतंय, कुणी डोळे पुसतंय. या गडबडीत अण्णा दिसेनात. मी गाड्याला वळसा घालून पुढच्या दारानं डोकावले तर ते आत इन्व्हर्टरजवळ उकिडवे बसलेले.

"धन्य आहे तुमची, अण्णा!" मी म्हटलं. "मुद्दाम उलटसुलट मांडल्यात ना? त्या चिडून बाहेर याव्यात म्हणून?"

"छे गं! आण घेऊन सांगतो, मला ठाऊकच नाही कुठली कुठं ठेवायची."

"इतकी वर्षं तुमच्या घरात मांडतात की!"

"मांडतात. मी मागं असायचो, पायऱ्यांच्या. बल्बची माळ जळाली तर? वायर तापली तर? तिच्या दसऱ्यात एक दिवा विझलेला चालायचा नाही तिला." त्यांनी वायर हातानं चाचपून बघितली. "समोरून कधी बघितलंच नाही. आता बघून ठेवायला पाहिजे होतं असं वाटतंय. ती आजारी पडली तेव्हा तिच्याबद्दल पण हेच वाटलं होतं."

असलं काही पोटात ठेवायचा माझा स्वभाव नाही. मी तशीच पुढं गेले आणि सगळ्या बायकांदेखत सांगून टाकलं, "काकू, ऐका, अण्णांनी तुमच्या बाहुल्या जन्मात कधी समोरून बघितलेल्या नाहीत!"

बायका हसल्या. काकू हसल्या नाहीत. त्यांनी काठीनं पत्र्यावर ठकठक केलं. "अहो. पुढं या."

"इथं लोड..."

"पुढं या."

अण्णा आले. बायकांनी वाट करून दिली. ते सगळ्यांच्या पुढं, बाहुल्या बघायला आलेल्या शेजारच्या मुलासारखे, हात जोडून उभे राहिले. काकूंनी माझ्या डब्यातली उसळ डाव्या हातानं त्यांच्या ओंजळीत घातली. निम्मी खाली सांडली. अण्णांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि काय करावं हे न सुचून ते भराभर हरभरे खात सुटले होते.

"आधी बघा," काकू म्हणाल्या. "खायला सगळी रात्र पडलीय."