अंगणात आखलेला फ्लॅट

"काका, तुमच्या पुण्याच्या घरात मी झोपीन कुठी?"

मंजुश्रीनं एकदाचं विचारून टाकलं. विचारून दाखवच, अशी पैज लावणाऱ्या मैत्रिणी कुंपणाबाहेर कान टवकारून उभ्या होत्या. दहावी झाली होती. अकरावीला पुणं, हे तिचं पक्कं होतं. घोडं अडलं होतं ते संघपालकाका-काकूच्या पुण्यातल्या घरातल्या जागेवर आणि आईच्या होकारावर.

"अवं, जागाच जागा हाय. दाखवूनच देतो."

सुट्टीला गावी आलेल्या काकानं रांगोळी मागवली आणि सुलतानपूरच्या त्या ऐसपैस अंगणात पावलांनी मोजून फ्लॅट आखला. हॉल, किचन, बाथरूम.

"अन् बाकीचं घर?" बाबांनी विचारलं.

"झालं ना दादा. एवढ्याच्याच भाड्यात पगार सरते."

आईनं परीक्षाच घ्यायची ठरवली. हॉलमध्ये बाज टाकली, हॉल संपला. किचनमध्ये ती भाकरी थापायला बसली, तर पाठ बाथरूममध्ये गेली. तेवढ्यात शेळी आत शिरली. तिला हाकलायला बाबा आत आले आणि मग कुणालाच वळता येईना.

"भिंतीतून जाऊ नका वहिनी, दारातून जा."

"दारात शेळी हाय भाऊजी."

कुंपणाबाहेर हशा पिकला. शेळीच्या खुरांखाली मंजुश्रीचं पुणं पुसलं जात होतं.

"पण मी घरी असतोच कुठी?" काकानं शेवटचा डाव टाकला. "ऑफिस शहराच्या त्या टोकाले. अंधारात निघतो, अंधारात येतो. बाज दिवसभर रिकामीच."

"मंग पोरगी काय दिवसा झोपन?"

"तसं नाही वहिनी. आता पाहा, मी आलो, थकलो, असा आडवा झालो..."

वाक्य तिथंच राहिलं. निंबाच्या सावलीत काका घोरू लागला. पुण्याची गाडी फाट्यावर हॉर्न वाजवून निघूनही गेली.

"संघपाल, गाडी गेली बे," बाबांनी त्याला हलवलं. "उद्या ऑफिस नाही का?"

"साहेब तं म्हणतात, घरूनच काम करा," काका कुशीवर वळला. "पण घरात टेबल ठेवाले जागा नाही, म्हून रोज जातो. जाऊ दे दादा. किती दिसानं पाय लांब करून राह्यलो."

मंजुश्रीनं कुंपणाकडे एकदा पाहिलं, ओढणी सावरली आणि शेळीला दारातून बाजूला केलं.

"आई, बाबा, ठरलं माह्यं. मी पुण्याले काकूजवळ राहीन, काकाले इथी अंगणात टेबल टाकून द्या. पुण्यात माणूस एकही वाढत नाही."