पियानोचं गिरमिट

मेहुण्याला पत्र लिहायला माझी हरकत नाही. पण बायकोचं लिहून झाल्यावर उरलेल्या जागेत ते लिहू नये, एवढं मी अनुभवानं सांगतो. चौऱ्याऐंशी सालच्या पावसाळ्यात आमच्या दमयंतीनं तिच्या भावाला, लवूला, एरोग्राम लिहिला. लवू बोटीवर इंजिनरूमात तेलपाणी बघायचा. त्या वेळी त्याची बोट हॅम्बुर्गला लागायची होती. दमयंतीनं घरातली आजारपणं, शेजाऱ्यांची भांडणं आणि गेल्या गणपतीत कोण कोण आलं नाही याची यादी, असं सगळं लिहून झाल्यावर कागद माझ्याकडे सरकवला.

"तुमचं काय असेल ते लिहा. दोन बोटं जागा ठेवलीय."

घरचा कर्ता पुरुष म्हणून मला नेहमी दोन बोटं जागा मिळते. तीत मी लिहिलं, 'येताना भोकं पाडायचं एखादं चांगलं मशीन आण.'

कारण असं, की दमयंतीला स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यांसाठी फळी हवी होती, आणि आमची भिंत चिऱ्याची. चिऱ्यात खिळा ठोकला तर तो एकतर वाकतो, नाहीतर मूठभर तांबडी माती घेऊन परत येतो. मी सात खिळे आणि एक अंगठा खर्ची घातला होता. भोकं भिंतीला पाडायची आहेत, हे पत्रात लिहायचं राहिलं. (मी कचेरीत आवक-जावक कारकून आहे. संदर्भ न लिहिता पत्र धाडणाऱ्यांना मी वीस वर्षं नावं ठेवत आलो आहे.)

फेब्रुवारीत लवू आला. पाठोपाठ मुंबईहून टेंपोतून एक लाकडी खोकं आलं. ते उतरवायला सहा माणसं लागली आणि सातवा मी, "जपून, जपून" म्हणायला. खोकं फोडलं तर आतून हिरव्या रंगाचं बिडाचं एक धूड निघालं. खाली पायडल, वर चार हात लांब लोखंडी पाट, आणि त्या पाटावर मगरीच्या दातांसारखी ओळीनं बारा गिरमिटं.

"भावजी, मशीन!" लवू म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर भाऊबीज घातल्याचं समाधान होतं.

"हे भिंतीला कसं लावायचं?"

"भिंतीला नाय लावायचं. ज्याला भोकं पाडायची ती वस्तू ह्याच्यावर ठेवायची."

"म्हणजे भिंत ह्याच्यावर ठेवायची?"

लवू विचारात पडला. त्याच्या तोंडून मग हळूहळू हकिकत बाहेर आली. हॅम्बुर्गमधला एक पियानोचा जुना कारखाना बंद पडत होता. तिथल्या म्हाताऱ्या मालकाला लवूनं खुणांनी सांगितलं, की मला भोकं पाडायचं चांगलं मशीन हवंय. म्हातारा त्याला या मशीनपाशी घेऊन गेला, त्याच्यावरून हात फिरवला आणि डोळे पुसले. पियानोच्या आतल्या लाकडी पट्ट्यांना एका झटक्यात बारा भोकं पाडणारं असलं मशीन दुसरीकडे मिळणार नाही, असं त्यानं जर्मन भाषेत सांगितलं. लवूला जर्मन येत नाही, पण रडणारा माणूस खोटं बोलत नाही असा त्याचा समज आहे.

"पियानोला?" मी विचारलं.

"पियानोला."

"रत्नागिरीत पियानो किती असतील?"

"एकही नसेल," दमयंती आतून म्हणाली. "म्हणजे दुसऱ्या कुणी हे मशीन आणायची भीती नाही. धंदा सगळा आपलाच."

दुसऱ्या दिवशी तिनं शिवा गवंड्याला बोलावलं. त्यानं पहारीच्या टोकानं भिंतीत दोन भोकं घेतली, त्यांत लाकडी खुंट्या ठोकल्या आणि चहा निवायच्या आत फळी बसवली. जाताना तो मशीनपाशी थबकला.

"ह्ये काय ओ, भाऊ? शेवयांचा साचा?"

"पियानोचं आहे."

"असंल, असंल," शिवा म्हणाला. आजारी माणसाच्या घरातून निघताना बोलतात तसा त्याचा आवाज होता.

इथवर झालं तेही बरंच होतं. ओटीवर एक हिरवं धूड आहे, त्यावर दमयंती ओले टॉवेल वाळत घालते, एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण आमच्या खालच्या आळीचं भजन मंडळ आहे, आणि मंडळाचे काशीराम बुवा आहेत. बुवा म्हणजे सत्तरीचा, शिडशिडीत, बोलण्यात काटकसरी माणूस. त्यांची बाजाची पेटी त्यांच्या वडिलांची. शिमग्यानंतरच्या रविवारी मालगुंडला भजनस्पर्धा होती. आधीची दोन वर्षं आमचं मंडळ तिथून हात हलवत परत आलं होतं. आणि यंदा दहा दिवस आधी पेटी उघडली तर आतल्या फळीला वाळवी!

ज्यांनी पेटीचं पोट पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आत एक फळी असते. तिला ओळीनं भोकं असतात, आणि प्रत्येक भोकावर एका सुराची पितळी पट्टी बसवलेली असते. वरची काळी-पांढरी पट्टी दाबली की एरवी झाकलेलं ते भोक उघडतं, भात्याचा वारा त्यातून जातो आणि सूर उमटतो. बुवांची फळी एका कडेनं भुसभुशीत झाली होती. दुरुस्तीला मुंबईला पाठवली तर महिना जाणार. मंडळी देवळाच्या पायरीवर तोंडं पाडून बसली होती.

"फळीला भोकंच पाडायचीत ना?" कुणीतरी म्हणालं.

मी वळून पाहिलं. मीच म्हणालो होतो.

"आमच्याकडे खास त्याचंच मशीन आहे. जर्मन. पियानोचं. पियानोपुढे पेटी म्हणजे काय, लिंबूटिंबू!"

"भाटकर, बापाची पेटी आहे," एवढंच बुवा म्हणाले.

"बुवा, निर्धास्त राहा," मी म्हणालो. (मी ज्यांना ज्यांना निर्धास्त राहायला सांगितलं आहे, ती माणसं आता माझ्याशी जपून बोलतात.)

रविवारी सकाळी अख्खी आळी आमच्या अंगणात जमली. रामा सुताराकडून फणसाची नवी फळी रंधून आणली होती. रामानं "काय करताय तरी काय?" असं विचारलं होतं, पण तज्ज्ञांच्या कामात सुतारानं नाक खुपसू नये म्हणून मी त्याला काही सांगितलं नाही. मशीनला कुंकू लावलं, झेंडूचा भलाथोरला हार घातला, नारळ वाढवला. नवी भोकं जुन्याबरहुकूम पडावीत म्हणून मी जुनी फळी नव्या फळीवर ठेवून दोन्ही पाटावर घट्ट आवळल्या. ही युक्ती माझी एकट्याची. तिचं श्रेय मी कुणाला देत नाही, आणि अजून कुणी मागितलेलंही नाही.

"चालवता येतं ना रे?" मी लवूच्या कानात विचारलं.

"म्हाताऱ्यानं चालू करून दाखवलं होतं ना."

"आणि बंद?"

"तेव्हा जेवणाचा भोंगा झाला."

तोवर त्याचा पाय पायडलवर पडला होता. आळीतले रेडिओ एकदम घोगरे झाले, पंखे गरगरायचे थांबून डुलायला लागले. तिकडे पोफळीच्या वीजघरात कुणीतरी कपाळाला हात लावला असणार. मशीन गुरगुरलं, बारा गिरमिटं खाली आली आणि लोण्यात सुरी जावी तशी दोन्ही फळ्यांतून आरपार गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही मान लववली.

मान वर करतो तो मशीननं फळ्या आपण होऊन पुढे ओढल्या आणि आणखी बारा भोकं पाडली. मग आणखी बारा. जुनी फळी नमुन्यासाठी ठेवली आहे, ही गोष्ट त्याला कुणी सांगितलेली नव्हती. त्याला माहीत होता तो पियानो, आणि पियानोला भोकं लागतात चिक्कार.

"थांबव!" बुवा ओरडले. त्यांना ओरडताना मी प्रथमच ऐकलं.

"थांबव!" मी लवूला ओरडलो.

"थांब!" लवू मशीनला ओरडला.

आम्ही बटण शोधू लागलो. मशीनच्या मागे पाहिलं, खाली पाहिलं. मी एक लोखंडी मूठ फिरवली, तर मशीनला आणखी चेव आला. फळ्या संपल्यावर त्यानं नारळाचं ताट ओढून घेतलं आणि पितळेला तीन भोकं पाडली. तेवढ्यात सगळं थांबलं. दमयंती भिंतीपाशी उभी होती, हातात ओढून काढलेली वायर.

"झालं का पियानोवादन?" तिनं विचारलं.

बुवांनी आपली फळी सोडवून घेतली. वाळवीनं एक कड खाल्ली होती, उरलेली आम्ही. भोकांच्या मधे भोकं, भोकांत भोकं. त्यांनी ती उजेडाकडे धरली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर उन्हाचे ठिपके पडले.

"ह्यातनं आता पोहे चाळावे," ते हळूच म्हणाले. फळी पंच्यात गुंडाळून ते निघून गेले.

लोकांच्या शिव्या मी झेलू शकतो. कचेरीत त्याचा पगार मिळतो. पण त्या पंच्यातल्या गाठोड्यामुळे मला दोन दिवस घास गोड लागला नाही. म्हाताऱ्याला चार अपशब्द तरी बोलायला काय झालं होतं! तिसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं बुवांना घेऊन रामा सुताराकडे गेलो. रामानं चाळणी झालेली फळी पाहिली, पितळी पट्ट्या एकेक हातात घेऊन पाहिल्या.

"जुनी भोकं कंची नि तुमची कंची, ते कळतंय. जुनी सरळ हायत," तो म्हणाला. "दुसऱ्या फळीला हातगिरमिटानं पाडून देतो. चार दिवस लागतील. हे आधीच माझ्याकडे आणलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

"तेव्हा एवढं बिघडलेलंच नव्हतं," बुवा म्हणाले.

चारही दिवस कचेरी सुटली की मी रामाच्या पडवीत जाऊन भुसा झाडत होतो. शेवटच्या दिवशी मी बुवांना म्हणालो, "एक भोक मला पाडू द्या. हातानं. मनाला बरं वाटेल." बुवांनी डोळे मिटले, विठ्ठलाचं नाव घेतलं आणि एक बोट वर केलं.

त्याच आठवड्यात मी कचेरीतून घरी परततो तो ओटीवर एक जाडसर गृहस्थ बसलेले. नाव दादू शेट.

"तुमच्याकडे पेटीला भोकं पाडायचं मशीन आहे म्हणे?"

"नाही," मी दारातूनच म्हणालो. "पेटीचं काम बंद केलंय."

"माझ्या चारशे पेट्या आहेत हो."

"चारशे?" मला घेरी आली. "एवढ्या वाजवतं कोण?"

"वाजवतं? खातात!"

"पेटी खातात?"

"मुंबईची माणसं पेटीच्या पेटी खातात! हवा लागली नाही की सडतो, म्हणून भोकं पायजेत."

"कोण सडतो?"

"आंबा!" दादू शेट ओरडले. "हापूस! आंब्याच्या पेट्या, आंब्याच्या!"

दमयंती लगबगीनं चहा घेऊन आली आणि तिनं व्यवहार हातात घेतला. मशीन त्यांनी न्यायचं, दर मोसमात आमच्याकडे चार पेट्या आंबे पोचवायचे. शेटनी मशीनवरचा वाळलेला हार काढून बाजूला टाकला. त्याखाली लिंबाएवढं तांबडं बटण होतं.

"हे बंद करायचं वाटतं," शेट म्हणाले.

लवूला त्याच क्षणी बाजारात काहीतरी काम आठवलं.

शिमगा झाला. रविवारी दुपारी आम्ही सगळे एसटीनं मालगुंडला गेलो. पेटी बुवांच्या मांडीवर, आणि माझी सीट पेटीपासून सर्वांत लांब. आमच्या मंडळाची पाळी आली. बुवांनी भाता मारला, आणि एकाही पट्टीला बोट लावायच्या आत पेटीतून पंचम वाजू लागला. एकसारखा. बुवांनी भाता सोडला, तो थांबला. पुन्हा मारला, पुन्हा सुरू. एक भोक जरा रुंद झालं होतं, एसटीच्या हादऱ्यांनी त्याचं झाकण सरकलं होतं आणि पट्टी दाबली नाही तरी तिथून वारा जात होता. कुठलं भोक, हे बुवांनी कुणाला विचारलं नाही. गर्दीतून त्यांनी मला बरोबर हुडकून काढलं आणि नुसतं पाहिलं.

मला वाटलं, उठावं आणि पुढे समुद्र आहेच.

पण बुवांनी मान किंचित कलती केली, त्या न थांबणाऱ्या सुराला कान दिला आणि त्यालाच धरून आलापी सुरू केली. टाळ बसले, मृदंग बसला. पहिला अभंग संपेपर्यंत माणसं माना डोलवू लागली होती. परीक्षकांनी निकाल सांगताना म्हटलं, "पेटीतूनच तंबोऱ्यासारखा आधारस्वर धरून ठेवण्याची कल्पना अभिनव आहे," आणि आमच्या मंडळाला दुसरा नंबर दिला.

माझी छाती फुगली. शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांना मी म्हणालोही, "ते भोक माझं."

बुवा आभार मानायला उभे राहिले. आयुष्यात प्रथमच त्यांच्यापुढे माईक होता. त्यांनी रामा सुताराचे आभार मानले. वेळेवर वायर ओढणाऱ्या दमयंतीचे मानले. एसटीच्या ड्रायव्हरचे मानले. मग घसा खाकरून म्हणाले, "आणि शेवटी आमचे भाटकर. त्यांनी ह्यापुढे मंडळाला कोणतीही मदत करणार नाही, असा शब्द आत्ता द्यावा, अशी मी सर्वांच्या वतीनं त्यांना विनंती करतो."

मी उभा राहून दिला. त्या दिवसातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या त्यालाच पडल्या, आणि पहिली टाळी दमयंतीची होती.