यंत्रं फोडणारे आणि साळवीकाका

साळवीकाकांना इतिहासातली गर्दी चालत नसे. ‘पॅरिसच्या लोकांनी तुरुंग फोडला’ असं मी वाचून दाखवलं की हात वर करून ते मला थांबवत. “लोकांनी म्हणजे कोणी? एकाचं तरी नाव सांग.” नाव मिळालं नाही तर स्वतःच ठेवत. त्यांच्या फ्रेंच राज्यक्रांतीत एक जोसेफ सुतार होता आणि त्याची खाष्ट बायको. तिला राजाचं काही पडलेलं नव्हतं, पाव किती महागला एवढंच ती बघत असे.

परदेशात, मॉसन लेक्स नावाच्या उपनगरात आम्ही चौघं एका घरात राहत होतो. त्या वर्षांत गल्लीतलं दर दुसरं घर आमच्यासारख्या विद्यार्थ्यांनी भरलेलं असे. काका शेजारी, मुलाकडे राहायला आलेले. मुंबईच्या गिरणीत त्यांनी तीस वर्षं साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवले होते. मी आयटीचा. सोपा असेल म्हणून युरोपातल्या क्रांत्यांचा विषय घेतला आणि फसलो. काकांना हे कळल्यापासून मी युनीतून, म्हणजे विद्यापीठातून, परतायच्या वेळी ते तळ्याकाठच्या बाकावर हजर. “आज कुठवर आलात?”

इंग्लंडात माग वाफेवर चालू लागले तेव्हा तर त्यांनी आमच्या हॉलचाच ताबा घेतला. दोन खुर्च्यांना सुतळ्या बांधून, आडवा धागा घेऊन धोटा कसा पळतो ते दाखवलं. धोटा म्हणजे आमचा टीव्हीचा रिमोट. तेवढ्यात एजंटबाई भाड्याच्या घराच्या इन्स्पेक्शनला आल्या. काकांनी त्यांनाही दोन धागे विणायला लावले.

शेवटी मी आमच्या ट्यूटरला, हेलनला, विचारून त्यांना ट्यूटोरियलला नेलं. विषय होता, पोटावर पाय आला म्हणून यंत्रं फोडणारे विणकर. हेलनने काकांना विचारलं, तुमची गिरणी बंद पडली तेव्हा तुम्हाला काय वाटलं, राग आला का? मी ते मराठीत सांगितलं.

काका माझ्याकडे वळून हळू आवाजात बोलू लागले. गिरणीला टाळं लागलं तेव्हा सगळ्यांबरोबर तेही गेटवर घोषणा देत होते. पण वॉचमन ओळखीचा होता. दर आठवड्याला तेलाची डबी खिशात घालून ते मागच्या दाराने आत जात आणि आपल्या चार साच्यांना तेल घालून येत. दमट हवेत गंजतील म्हणून. बायकोलासुद्धा कधी बोलले नाहीत.

“एकदा गेलो तर साच्यांचं खातं रिकामं,” ते म्हणाले. “चारही भंगारात गेले होते. मी तिथेच बसलो. डबी हातात तशीच.”

हेलन माझ्या तोंडाकडे बघत होती.

“हे तिला सांगू नकोस,” काका म्हणाले. “राग आला का विचारते ना? आला होता, म्हणून सांग.”

मी तेवढंच सांगितलं. हेलनने मान हलवली आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘राग’.