पाव तास पुढे

"घड्याळजीकडे? एवढ्याशा कामाला?" असं म्हणत जावयांनी सासऱ्यांच्या हातातून घड्याळ जवळजवळ काढूनच घेतलं.

घड्याळ चावीचं, चांगल्या जातीचं. पण अलीकडे दिवसाला दोन-तीन मिनिटं पुढे जाऊ लागलं होतं. सासऱ्यांना तेवढंही खपत नसे. बस डेपोत कंट्रोलर म्हणून त्यांची सगळी नोकरी या घड्याळावर झाली होती. काटा जागेवर आला की शिट्टी, आणि शिट्टी झाली की गाडी सुटलीच. मग मागून खुद्द डेपो मॅनेजर का धावत येईना! ते सासूबाईंसह चार दिवस लेकीकडे आले होते आणि रविवारी संध्याकाळी त्यांच्या जुन्या डेपोत त्यांचा सत्कार होता. कशाबद्दल, ते सांगायला नको.

"अहो, राहू द्या ना," बायको म्हणाली. तिच्या बोलण्याला आधार होता. घरातलं भिंतीवरचं आणि गजराचं, अशी दोन्ही घड्याळं जावयांनी पूर्वीच दुरुस्त केली होती, त्यामुळे ती बंद होती.

पण जावयांना चेव चढला होता. चाकूच्या टोकाने त्यांनी मागचं झाकण उचकटलं. आत एक इवलीशी दांडी होती, तिच्या एका बाजूला अधिकचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला उण्याचं. काट्यांना अधिक वेळ लागायला हवा, म्हणजे अधिक, असा सरळ हिशेब करून त्यांनी दांडी तिकडे सरकवली. झाकण परत बसेना, तेव्हा कडेने गोंद लावून ते पक्कं चिकटवून टाकलं.

"वा! हाताला गुण आहे हो तुमच्या," सासरे म्हणाले.

रविवारी सकाळी शेजारच्या रेडिओवर बातम्या लागल्या. घड्याळ टेबलावर सगळ्यांच्या मधोमध होतं आणि पाव तास पुढे होतं. जावयांना चहाचा ठसका लागला. त्यांनी चोरून इकडेतिकडे पाहिलं. सासरे कपात बघत होते, सासूबाई खिडकीबाहेर. कोणाच्या लक्षात आलेलं दिसलं नाही. तरी शरमेने त्यांची कानशिलं तापली. खरं काय ते सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं, तेवढ्यात शेजारी डोकावले आणि सासरे त्यांना कौतुकाने सांगू लागले, "आमच्या जावईबापूंनी घरच्या घरी दुरुस्त केलं बरं का!" मग तोंड उघडायची सोयच राहिली नाही.

सासरे आंघोळीला जाताच जावयांनी झाकणाशी झटापट केली. नखं दुखावली, चाकूचं टोक वाकलं, झाकण ढिम्म. शेवटी त्यांनी चावी ओढून काटे पाव तास मागे घेतले, घड्याळ होतं तिथे ठेवलं आणि ते साळसूदपणे पिशव्या बांधायला गेले.

बसस्टँडवर पोचल्यावर सासऱ्यांनी मनगट पाहिलं. "चला, दहा मिनिटं हातात आहेत."

फलाटावर गाडी नव्हती. केबिनमधून तिथला कंट्रोलर लगबगीने आला. एके काळी तो सासऱ्यांच्याच हाताखाली शिकला होता.

"साहेब, गाडी गेली."

"गेली कशी? अजून दहा मिनिटं आहेत!"

"जाऊन वीस मिनिटं झाली, साहेब. ड्रायव्हर म्हणत होता, साहेब यायचेत, थांबू जरा. मीच शिट्टी मारली." तो खाली मान घालून म्हणाला, "तुम्हीच शिकवलंय ना, कोणासाठी थांबायचं नाही म्हणून."

सासरे मटकन बाकावर बसले. उभ्या जन्मात त्यांची गाडी चुकली नव्हती. त्यांचा पडलेला चेहरा जावयांना बघवेना.

"बाबा, चूक माझी आहे. दुरुस्तीनंतर ते जास्तच पुढे जायला लागलं. सांगायची लाज वाटली. तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी गुपचूप पाव तास मागे केलं."

"अगंबाई!" सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. "नंतर मीपण केलं की! म्हटलं, यांच्या लक्षात आलं तर तुम्हाला उगीच चार शब्द बोलतील."

दोघांनी सासऱ्यांकडे पाहिलं. ते घड्याळाकडेच बघत होते.

"निघताना मीही केलं," ते हळूच म्हणाले. "एवढ्या हौसेने दुरुस्त केलंत. तुमचं मन कशाला मोडायचं?"

धरणीने पोटात घ्यावं, असं जावयांना झालं. सासऱ्यांनी चारचौघांत झापलं असतं तर बरं वाटलं असतं. पुढची गाडी लागली. तिने गेल्यावर सत्कारमूर्ती पोचणार, ते बहुधा आभाराच्या भाषणालाच. पायरीवर पाय ठेवता ठेवता सासऱ्यांनी घड्याळ काढून जावयांच्या हातात ठेवलं.

"हे घालून तिथे काय सांगू? राहू द्या तुमच्याकडेच."

शिक्षा समजून जावई ते रोज घालू लागले. पण नवल म्हणजे घड्याळ सुतासारखं सरळ आलं. सकाळी ऑफिसात पोचावं, तर तिथल्या घड्याळाशी बरोबर जुळलेलं. संध्याकाळी मात्र ऑफिसचं घड्याळ मागे पडतं, असं त्यांच्या लक्षात आलं.

"बघ," आठवड्याभराने ते बायकोला म्हणाले, "दुरुस्ती बरोबरच होती. जुनं यंत्र, रुळायला वेळ लागतो."

"असेल," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दाढी करताना आरशात त्यांना मागची खोली दिसली. शेजारच्या रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. बायको तिकडे कान देऊन टेबलापाशी उभी होती आणि घड्याळाची चावी ओढून काटे मागे घेत होती. हात अगदी सवयीचा होता.

जावयांचा ब्रश गालावरच थांबला. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत आपलं आणखी काय काय हिने असंच न बोलता ताळ्यावर आणलं असेल, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी नळ मोठा सोडला आणि अर्धी दाढी तशीच ठेवून, ती खोलीतून जाईपर्यंत ते तोंड धूत राहिले.